छत्रीला ताण बसला तेव्हा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात छत्री मिटली.

छत्री म्हणजे आमच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टँकमधलं टोडस्टूल लेदर कोरल, मऊ अंगाचं प्रवाळ. पोराने पहिल्याच दिवशी बघून म्हणलं, आई ही तर कुत्र्याची छत्री, तेव्हापासून घरात तिला दुसरं नाव नाही. अंगठ्यापेक्षा जाड देठ, वर बशीएवढी टोपी, टोपीवर शेकडो बारीक पॉलिप, म्हणजे प्रवाळातले एकेक जीव, एकेकाला आठ भुजा आणि भुजांना पिसासारख्या कडा. सकाळी टँकची लाइट लागली की अर्ध्या-पाऊण तासात सगळे बाहेर येतात आणि पाण्याच्या ओढीबरोबर असे कलतात की मला दरवेळी ज्वारीचं रान आठवतं, वारं एका बांधावरून शिरतं आणि दुसऱ्या बांधापर्यंत सगळं शेत वाकत जातं, तसं. त्या दिवशी लाइट लागली, मी चहा घेऊन समोर बसले, चहा संपला, कॉलेजची वेळ झाली, आणि टोपी तशीच. गुळगुळीत, कडा आत वळलेल्या, रंग मातकट.

मिटणं तसं नवीन नव्हतं. लेदर कोरल मधूनमधून मिटतंच, टोपीवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, चार दिवस, आठ दिवस, कधी त्याहून जास्त, आणि मग तो पापुद्रा सुटतो, त्याच्यावर बसलेलं शेवाळ आणि घाण घेऊन जातो. साप कात टाकतो तसंच. फक्त पापुद्रा वाहून न्यायला पाण्याची ओढ चांगली लागते. मागच्या दिवाळीनंतर सहा दिवस मिटली होती आणि सातव्या दिवशी अशी फुलली की पोराने शेजारच्या पोरांना बोलावून आणलं. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी बाराव्या दिवशी माझा धीर सुटला, कारण यावेळी पापुद्रा आला पण निघंना.

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, टायट्रेशनचा थेंब कुठे थांबवायचा हे पोरांना शिकवण्यात पंधरा वर्षं गेलीत, त्यामुळे मोजायची सवय हाताला आहे. टेस्ट किट काढलं. अल्कलिनिटी 8.4, कॅल्शियम 420, नायट्रेट 5 च्या आसपास, खारटपणा 35, तापमान 26. वहीतले आकडे सगळे जागेवर आणि समोरचं जनावर आजारी. मग मी एकामागून एक हात लावत गेले. आधी तिला उचलून वरच्या दगडावर लाइटजवळ ठेवलं, दोन दिवसांनी वाटलं लाइट जास्त झाली, परत खाली. मग तीस टक्के पाणी बदललं. मग आयोडीनचे थेंब. मग पंपाचं तोंड थेट तिच्यावर. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कोणत्यातरी कोरलला उपयोगी पडते, पण एका आठवड्यात पाच बदल कोणाला सोसतील? प्रवाळ जागेवरून पळू शकत नाही. त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं, प्रवाळ त्याला घर देतं आणि आपल्या अंगातून निघालेला कार्बन डायऑक्साइड देतं. हा संसार एका ठराविक उजेडाला, ठराविक पाण्याला बसलेला असतो, उजेड बदलला की दोघांनाही नव्याने जमवून घ्यायला दिवस लागतात. ते दिवसच मी देत नव्हते.

दोष कुठे होता ते कळलं तोवर महिना संपत आला होता. एप्रिलमध्ये आमच्या भागात नळाला पाणी आठ दिवसांवरून दहा-अकरा दिवसांवर जातं, मग सोसायटी टँकर मागवते, टँकर म्हणजे कुठल्यातरी बोअरचं जड पाणी. रीफ टँकला, म्हणजे प्रवाळाच्या टँकला, नळाचं पाणी चालत नाही, ते आधी आरओमधून, मग रेझिनच्या नळकांड्यातून काढायचं, मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला की त्यात समुद्री मीठ मिसळायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. नळाच्या पाण्यावर माझं रेझिन पाच-सहा महिने टिकायचं, म्हणून मी जानेवारीनंतर मीटर लावलाच नव्हता. लावला तेव्हा टँकरचं पाणी 1340 आणि माझं शुद्ध पाणी 46. मीटर किती ते सांगतो, काय ते सांगत नाही, पण दोन आठवडे मी काचेवरून तपकिरी थर पुसत होते, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा होता आणि डायटमला सिलिका लागते, ती आमच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात असतेच. रोज पुसला आणि हा आला कुठून हे एकदाही मनात आलं नाही. तोच थर छत्रीच्या पापुद्र्यावर बसून घट्ट झाला होता.

हे वाचणाऱ्या कोणाच्याही मनात येणारच की मराठवाड्यात, टँकरच्या पाण्यावर, समुद्र पाळायचा कशाला. माझ्याही मनात रोज येतं. तीन फुटी टँक, साधारण 190 लिटर. उन्हाळ्यात दिवसाला चार लिटर उडून जातं. एक लिटर शुद्ध पाणी काढायला आमचा आरओ तीन लिटर बाहेर टाकतो, ते सगळं कूलरला, फरशीला, संडासाला वापरते, कूलरच्या पॅडवर क्षाराचा पांढरा थर चढलाय. तरी मोजलं तर आठवड्याला पन्नासेक लिटर चांगलं पाणी या काचेच्या पेटीत जातं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, तेव्हा ती गाडी टीव्हीवर बघताना मी रडले होते, आणि तीच मी आज असं पाणी खर्च करते. याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकते की मी पहिल्यांदा समुद्रात डोकं घातलं ते तारकर्लीला गेलो तेव्हा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, वयाच्या तिशीत, लाइफ जॅकेट घालून, आणि खाली खडकावर जे जिवंत हलत होतं ते बघून वर आले तर नवरा विचारतोय काय झालं, आणि मला सांगता येईना.

टँकमधलं काहीही समुद्रातून उचललेलं नाही हे मात्र आवर्जून सांगते. कडक सांगाड्याचे, रीफ बांधणारे प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रपंखेसुद्धा, ते विकणं-बाळगणं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे. माझे दगड सिरॅमिकचे आहेत, आणि छत्री म्हणजे पुण्यातल्या एका हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेल्या छत्रीचा कापून दिलेला तुकडा, सुपारीएवढा होता आणला तेव्हा, एसटीत मांडीवर थर्माकोलचा डबा धरून.

मेच्या पहिल्या आठवड्यात आबा आले. माझे वडील. अंबड तालुक्यात गाव, आयुष्य मोसंबीत गेलेलं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी सांगितलं महिनाभर धूळ नको, वाकून काम नको, म्हणून इथेच ठेवून घेतलं. रानाशिवाय महिनाभर बसून राहणं या माणसाला कसं जमणार याची मला काळजी होती. पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि संध्याकाळी ते हॉलमध्ये टँकसमोर येऊन बसले, काळा चष्मा काढला, डावा डोळा हाताने झाकला, मग न टेकता उजव्यावर हात धरला, परत डावा, असं चार-पाच वेळा केलं.

"माय, हे पाणी एवढं निळं हाय?"

मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट पडत जातं आणि निळा रंग फारसा आत येऊ देत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. भिंग बदललं की एका दिवसात निळं परत येतं. आणि रीफची लाइट तर निळीच असते, खोल पाण्यात तांबडा उजेड पोचत नाही, निळा पोचतो, प्रवाळातल्या शैवालाला तोच जास्त लागतो. आबांच्या डाव्या डोळ्याला आमचा टँक गढूळ पिवळट दिसत होता आणि उजव्याला निळाभोर, आणि ते दोन्ही पाणी आळीपाळीने बघत होते. "आम्ही रोपाला डोळे भरतो," ते म्हणाले, "माझाच डोळा भरला डॉक्टरनं." मोसंबीचं कलम असंच करतात, खुंटाच्या, म्हणजे खाली मुळं धरणाऱ्या दुसऱ्या जातीच्या रोपाच्या, सालीत चीर देऊन हव्या त्या वाणाचा डोळा बसवायचा आणि बांधायचं, त्यालाच डोळा भरणं म्हणतात.

समुद्र त्यांनी एकदाच बघितला होता, मुंबईला मोर्चाला गेले तेव्हा, गर्दीतून, लांबून. त्यांच्यासाठी सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, हे झाड नाही, हे जनावर आहे, हे एक नाही, शेकडो जीव एका अंगात राहतात. त्यांनी आजीच्या गळ्यातल्या पोवळ्याचं विचारलं, ते हेच का. मी म्हणलं त्याच कुळातलं. दागिन्यातलं लाल पोवळं आणि ही छत्री दोघंही आठ भुजांच्या घराण्यातले, पोवळ्याचा सांगाडा आतून कडक असतो म्हणून मणी होतात, हिचा मऊ. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मायच्या गळ्यात चाळीस वर्षं होतं, जीव होता त्याच्यात हे कुणी सांगितलं नाही."

मग विचारलं, "ही अशी किती दिस झाली?"

"बावीस."

"ताण बसलाय का?"

जालन्याकडच्या माणसाला ताण शब्द सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. मोसंबीला हव्या त्या बहाराची फुलं आणायची तर आधी झाडाचं पाणी तोडतात. आंबिया बहार धरायचा तर थंडीच्या तोंडाला, महिना-दीड महिना, जमीन भारी असली तर जास्त. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग उजाड दिसायला लागते. आबा सांगत होते, ताण दिलेल्या बागेत पाहुणा आला की म्हणतो बाग गेली की तुमची, आणि शेतकरी बांधावर बसून असतो, हात लावत नाही, कारण आत झाड फुलं धरायच्या तयारीला लागलेलं असतं. "पण माय, नुसतं बसायचं नाय. चार दिसाला बुंध्याशी जायचं, सालीला नख मारून बघायचं. आत हिरवं असलं तर बस निवांत. काळं असलं तर तो ताण नाय, तो डिंक्या."

आणि मग, "हिचा बुंधा बघितला का?"

नव्हता बघितला. बावीस दिवस मी टोपीकडे बघत होते, पॉलिप बाहेर आलेत का, पापुद्रा सुटला का. देठाच्या खाली, दगडाला चिकटलेल्या जागी, मागच्या बाजूने, जिथे पाण्याची ओढ पोचत नाही आणि घाण साठते, तिथे टॉर्च मारला तर नखाएवढा करडा डाग. ड्रॉपरच्या टोकाने हळूच दाबला तर आत गेला. चांगलं लेदर कोरल दाबलं तर रबरासारखं लागतं.

डिंक्या हा मोसंबीचा बुंध्याचा रोग, बुरशीसारख्या सूक्ष्म जिवाचा, पाणी तुंबलं की साल कुजते, डिंक गळतो. आबांना त्यावरचा उपाय तोंडपाठ, धारदार चाकूने कुजलेली साल चांगल्या सालीपर्यंत खरडायची आणि बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते लगेच म्हणाले, मोरचूद आणू का थोडं. त्यांचा हात मी जवळजवळ धरलाच. मोरचूद म्हणजे तांबं, आणि बिनकण्याच्या जिवांना तांब्याइतकं वाईट विष नाही, माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि ते एकदा टँकमध्ये पडलं तर दगड ते शोषून धरतात, पुढे कितीतरी दिवस सोडत राहतात. आबांना याचं खरंच आश्चर्य वाटलं. पन्नास वर्षं त्यांनी तांब्याने झाडं वाचवली होती. "मग खरड तर खरी," एवढंच म्हणाले.

मी एक दिवस थांबते म्हणलं. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं. चार वर्षं वाढवलेल्या जिवाला ब्लेड लावायचं.

त्याच रात्री वळीव आला. साडेअकराला वारं सुटलं, पत्रे वाजले, लाइट गेली. आमच्याकडे टँक थंड ठेवायला चिलर नाही, पाण्यावर फॅन लावलेत, आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते भारी काम करतात, एक लिटर पाणी उडून जाताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात 190 लिटर पाणी तीन अंशांनी उतरतं. कूलरचंच गणित. (उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून रोज शुद्ध पाणीच भरायचं, खारं नाही, नाहीतर 35 चा खारटपणा एका दिवसात पावणेछत्तीस होतो. नवीन माणसं इथेच चुकतात.) पण पाऊस पडला की हवा दमट होते आणि हेच फॅन निकामी. पंप आणि फॅन इन्व्हर्टरवर घेतले, अडीचला इन्व्हर्टर पण बसला. बॅटरीवरचा छोटा एअर पंप लावला, फ्रीजरमधल्या पाण्याच्या बाटल्या पाण्यावर सोडल्या, पोरगं झोपेतून उठून थर्मामीटर वाचत बसलं, 28, साडेअठ्ठावीस, 29. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि नेमका त्याच वेळी प्रत्येक जिवाला जास्त लागतो. आबा काळा चष्मा लावून एका हाताने कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने पाण्यावर वारं घालत होते, मी म्हणलं आबा झोपा, तर म्हणाले झोप कुठंय. लाइट पहाटे साडेपाचला आली. पारा 30 ला टेकला होता. दोघं क्लाउनफिश छत्रीच्या मिटलेल्या टोपीला चिकटून बसलेले, ते रोज तिथेच झोपतात, तिच्यातच अंग घासतात.

सकाळी डाग रुपयाएवढा झाला होता आणि पाण्याबाहेर काढल्यावर वास आला. हा वास एकदा घेतला की कळतो, सडलेल्या अंड्याजवळचा काहीतरी.

कॉलेजच्या लॅबमधून गॉगल आणला होता, ग्लोव्ह होते, नवीन ब्लेड होतं. आबांना दारापाशी उभं केलं, खोलीत येऊ दिलं नाही. लेदर कोरलला कडक सांगाडा नाही, पळता येत नाही, तर हे स्वतःला वाचवतं रसायनांनी, टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडतं, त्यामुळे आजूबाजूचे प्रवाळ वाढत नाहीत, मासे तोंड लावत नाहीत. कापलं की तेच सगळं बाहेर येतं. नवीन डोळ्यात त्याचा एक थेंब नको होता.

टँकचंच पाणी घमेल्यात घेतलं, छत्री त्यात ठेवली. डागाच्या वर बोटभर चांगलं अंग सोडून ब्लेड टेकवलं आणि थांबले. दारातून आबा म्हणाले, "वरून घे. चांगलं जातंय म्हणून जीव तोडू नको, थोडं चांगलं जाऊ दे." कच्च्या पेरूत सुरी जाते तशी बारीक करकर झाली, मऊ म्हणतात पण याच्या मांसात चुन्याच्या अगदी सूक्ष्म सुया असतात, त्याच अंगाला ताठ ठेवतात. आतलं मांस पांढरट, घट्ट, स्वच्छ. मी ते आबांना लांबूनच दाखवलं, आणि आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, चांगलं आहे.

टोपीचा भाग फिक्या चहाच्या रंगाच्या आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला. दगडाला चिकटवायला गोंद चालत नाही, हिच्या अंगाला चिकट बुळबुळ सुटते, गोंद धरत नाही, म्हणून जुन्या मच्छरदाणीचा चौकोन कापला, सपाट दगडावर टोपी ठेवून वरून जाळी सैलसर बांधली. खाली दगडावर राहिलेल्या बुंध्याचं कुजलेलं सगळं खरडून काढलं, टूथब्रशने घासलं, मग जेमतेम इंचभर ठोंब उरला, एका बाजूने बरा. मी तो दगड टाकायला निघाले होते. आबा म्हणाले ठेव. टँकमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या दोन थैल्या सोडल्या, ती रसायनं ओढून घ्यायला, आणि चाळीस लिटर पाणी बदललं.

ते चाळीस लिटर मी विकत आणलं होतं. नवीन रेझिन यायचं होतं, म्हणून जारचं पाणी, घरी तपासून, हाताशी होतं त्या जुन्या नळकांड्यातून दोनदा फिरवून. दोन जार दारात उतरले तेव्हा आबा बघत होते आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववेना. 2012-13 च्या दुष्काळात आबांनी मोसंबीला टँकर लावले होते. दोन एकर, सव्वादोनशे झाडं, पंधरा वर्षांची. गावात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, लोक तोंडावर म्हणायचे हा झाडं पाजतोय. फेब्रुवारीपर्यंत पाजलं, मग पैसे संपले. मी तेव्हा घरी गेले की आबा बागेकडे जायचेच नाहीत.

मी म्हणलं, "आबा, कळतंय मला. पाणी विकत आणून..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. नाथांची गोष्ट सांगायला लागले, जी आमच्याकडे पाळण्यातल्या लेकराला पण माहीत असते, एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले, वाटेत वाळवंटात गाढव तहानेने तडफडताना दिसलं, तर कावड तिथेच त्याच्या तोंडात रिकामी केली. गोष्ट संपली तरी त्यांनी पुढे काही जोडलं नाही. उठले आणि जार उचलायला लागले, मी ओरडले, डॉक्टरांनी जड उचलू नका सांगितलंय.

एका बाबतीत मात्र ते सोडायला तयार नव्हते. टँकमधून काढलेलं खारं पाणी मी अंगणात, तगराच्या कडेला ओतायचे कधीकधी. ते त्यांनी बघितलं आणि चांगलंच रागावले. त्यांनी मिठाने चोपण झालेली जमीन बघितलीय, पांढरी, चिकट, पिढ्यान्‌पिढ्या काही न उगवणारी. आता एक तांब्यासुद्धा मातीत जात नाही, सगळं मोरीत.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत कारण आम्ही काहीच केलं नाही. पाणी शून्य टीडीएसचं, तपकिरी थर दहा-बारा दिवसांत गेला. लाइट आधी चारच तास, मग आठवड्याला एकेक तास वाढवत नेली, ते पण आबांचंच, ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देतात, एकदम भरपूर दिलं तर पालवी सुटते आणि फुलं येत नाहीत. पंपाचं तोंड आडवं केलं, ओढ फिरून फिरून तिच्यावरून जाईल पण थेट मारणार नाही असं. आबा रोज सकाळी डोळ्यात थेंब घालून समोर बसायचे. अठराव्या दिवशी जाळीच्या आत टोपीच्या कडेला सात-आठ पॉलिप बाहेर आले, तांदळाच्या कणीएवढे. मी कॉलेजमध्ये होते. आबांना व्हिडिओ करता येत नाही, त्यांनी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "आली." मला वाटलं कोण पाहुणी आली.

जूनमध्ये पाऊस झाला आणि आबा गावी गेले. आता फोन आला की आधी छत्री कशी आहे, मग नातू, मग मी. जाळी काढली, टोपीने दगड धरलाय, आधीपेक्षा लहान दिसते पण रंग परत आलाय, क्लाउनफिश परत तिच्यातच झोपतात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय.

जुलैच्या शेवटी खालचा ठोंब बदलायला लागला. कापलेली जागा आधी गोल झाली, मग तिच्या मधोमध बारीक उंचवटा, आणि एका सकाळी त्यावर तीन पॉलिप. लेदर कोरलमध्ये असं होतं, टोपी खाली देठ धरते आणि देठ वर टोपी धरतो. मी व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा काचेला टेकवून दाखवलं. आबांनी फोन अगदी उजव्या डोळ्याजवळ धरला, स्क्रीनवर फक्त डोळा दिसत होता.

"फुटवा खुंटाचा हाय का वाणाचा?"

मला क्षणभर कळलंच नाही, मग कळलं. 2013 च्या पावसाळ्यात, बाग वाळल्यावर, तोडलेल्या काही बुंध्यांना खालून हिरवे फुटवे आले होते. आबांनी ते राखले, आळी केली, घागरीने पाणी घातलं, घरात बोलले पण होते, दहा-बारा झाडं येतायत माघारी. दोन वर्षांनी फळं लागली ती लिंबाएवढी, नारिंगी, दातांना झिणझिण्या आणणारी आंबट. रंगपूर लिंबाची. मोसंबी वरची मेली होती, फुटलं होतं ते खालचं खुंट.

"आबा," मी म्हणलं, "हिला खुंट नसतो. खालपासून वरपर्यंत एकच जात. ही तीच आहे."

बराच वेळ स्क्रीनवर नुसता डोळा होता.

"तीच हाय?"

"तीच."

"मग दगड हलवू नको तो," आबा म्हणाले. "तिथंच राहू दे. मी दिवाळीला येतो."